आईचं ताट कुठंय?



आम्ही एका बचत गटाच्या बारा जणी. गटाला अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात रेडिओच्या ताईंनी विचारलं, आरोग्यावर काही बोलाल का? आम्ही म्हटलं, आम्ही काय डॉक्टर आहोत? त्या म्हणाल्या, तुमच्या गटात जे झालं तेवढंच सांगा. ते सांगावं की नाही यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. कारण त्यात आमचं कौतुक कमी आणि चुका जास्त. शेवटी जिच्यावर ते बेतलं होतं तीच म्हणाली, "नाव नका घेऊ माझं, पण सांगा." म्हणून आज आलो. नाव कुणाचंच घेणार नाही. बारा जणींनी बसून हे लिहून काढलंय आणि आमच्यातली एक वाचतेय, एवढं धरून ऐका.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, बाजरी-मटकी-हुलगा हे आमचं पीक. गेल्या श्रावणातली गोष्ट. दुसरा सोमवार होता. आम्ही सात जणी सावडीनं एकीच्या रानात बाजरी खुरपत होतो. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्यातल्या एकीची पात मागं राहायला लागली. ही गटातली सगळ्यात कामसू बाई. तिची पात कधी मागं राहत नाही. म्हणून आम्ही तिची चेष्टा केली. "काय गं, आज म्हातारी झालीस का?" ती हसली. थोड्या वेळानं मागं बघितलं तर ती सरीत आडवी पडलेली, खुरपं हातात तसंच.

तोंडावर पाणी मारलं, सावलीला नेलं, जीप मिळवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.८. बाईचं १२ तरी पाहिजे, गरोदर असेल तर ११. आठाच्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं?

"उपास आहे."

"उपासाचं काय खाल्लं?"

"चहा."

"किती वेळा?"

"तीनदा."

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं तिच्या सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "आम्ही काय तिला उपाशी ठेवतो व्हय? घरात सगळं हाय. खायाला कुणी नको म्हणलंय?"

आणि मैत्रिणींनो, त्या खोटं बोलत नव्हत्या. ते घर आम्हाला माहीत आहे. दोन गाया आहेत, सहा कोंबड्या आहेत, बाजरीचं पोतं भरलेलं आहे, मटकी आहे, हुलगा आहे, बांधावर शेवगा आहे. कुणी तिच्या हातातला घास काढून घेत नव्हतं. तरी तिचं रक्त ६.८. परत येताना जीपमध्ये आम्ही सगळ्याजणी सासूबाईंवर मनातून चिडलो होतो. सासवांवर चिडणं सोपं असतं. आमच्यातल्या पाच जणी स्वतः सासवा आहेत, तरी चिडलो.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावलं. आम्हाला वाटलं त्या भाषण देतील, पालेभाज्या खा, कडधान्यं खा. ते आम्हाला पाठ आहे. त्यांनी भाषण दिलंच नाही. म्हणाल्या, काल दिवसभर तुमच्या घरात कोण काय जेवलं ते एकेकीनं सांगा.

आम्ही भराभरा सांगितलं. मालकांनी सकाळी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, दुपारी डब्यात चपाती आणि बटाटा. थोरल्यानं अंडं खाल्लं, धाकट्यानं भाजी टाकली आणि दूध प्यालं. मामंजींना दात नाहीत, त्यांना भाकरी कुस्करून दुधात. सासूबाईंना वांगं सोसत नाही म्हणून त्यांना वेगळं पिठलं. सगळं तोंडपाठ, कुणी किती घास टाकले तेसुद्धा.

मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही?

"जेवलो की."

"काय जेवलात?"

"होतं ते."

"होतं म्हणजे काय होतं?"

तिथं आम्ही अडकलो. बारा जणींतल्या एकीलासुद्धा आपण आदल्या दिवशी काय खाल्लं ते धड आठवेना. एक म्हणाली, सकाळची भाकरी आणि तव्यातलं खरडून. एक म्हणाली, उभ्या उभ्याच खाल्लं, काय खाल्लं लक्षात नाही. तिघी दुपारी जेवल्याच नव्हत्या आणि ते त्यांना सांगतानाच कळलं. पोराच्या ताटातली उरलेली भाजी, सासऱ्यांनी ठेवलेली अर्धी भाकरी, कढईच्या कडेचं. "मी वाढून घेतलं" हे शब्द बारा जणींत एकीच्याही तोंडून आले नाहीत. आम्ही हसलो त्यावर. मग एकदम गप्प झालो.

त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा दिसलं की घरात जिन्नस असणं आणि ते आपल्या पोटात जाणं यांच्या मधे आपलं मन बसलेलं असतं. ते मन म्हणतं, आपलं काय, आपल्याला काहीही चालतं.

आता भांड्यातला हिशेब बघा, तो तर आपल्याला येतो. मटकीची उसळ सात माणसांची. पहिल्यांदा वाढताना पळी खालून वर येते, मटकी भरपूर येते. मालक, मग मुलगे, मग सासू-सासरे, मग मुली. शेवटी आपण बसतो तेव्हा पातेल्यात रस्सा असतो आणि तळाला दहा-बारा दाणे. आपण त्यात भाकरी कुस्करतो, वरून तिखट घेतो, आणि पोट भरतं. पोट भरतं हे खरं आहे. त्यामुळंच तर कळत नाही. भूक भागते, पण रक्त व्हायला जे लागतं ते पळीनं आधीच दुसऱ्यांच्या ताटात गेलेलं असतं.

आणि खरी गंमत ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली माणसाला रोज काय किती लागतं त्याचे आकडे काढले. त्यात मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. दर महिन्याला आपलं रक्त जातं, म्हणून आपल्याला जास्त लागतं. म्हणजे जिला दीडपट पाहिजे तिच्या वाटणीला रस्सा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागं ५४ जणींना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ४८ होत्या. तेवढ्या वर्षांत घरोघर टीव्ही आले, मोबाईल आले, गॅस आला, आणि आपलं रक्त मात्र कमी झालं.

इथं एक गोष्ट आम्हाला मधेच सांगायचीय. ज्या घरात डाळच नाही, मजुरी मिळाली तर चूल पेटते, त्या बाईला "मन बदल" म्हणून सांगणं ही थट्टा आहे. तिला रेशन पाहिजे, काम पाहिजे. आम्ही बोलतोय ते आमच्यासारख्या घरांबद्दल, जिथं खायला आहे आणि तरी बाई खात नाही. आणि रक्त कमी व्हायला नुसतं खाणंच कारण असतं असंही नाही. पोटात जंत असतात, कुणाला अंगावरून फार जातं. आमच्यातल्या एकीला महिन्याचे नऊ-नऊ दिवस जात होतं आणि तिला वाटायचं हे असंच असतं. ते असंच नसतं. दवाखान्यात दाखवायला पाहिजे.

तर त्या बैठकीला, जी पडली होती तिच्या सासूबाईही आल्या होत्या. आल्या त्या भांडायच्या तयारीनं. सगळं ऐकून घेतलं. आणि मग त्या बोलायला लागल्या. त्या जे बोलल्या ते आम्ही शक्य तेवढं तसंच सांगतो.

"बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्सांची हुते. आई दुष्काळी कामावर खडी फोडाया जायची, मी तिच्याबरुबर. कामावर सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना फुटायची. घरात आम्ही सहा पोरं. आई वाढायची आणि म्हणायची, मला न्हाई भूक, मगाशी खाल्लं. मला खरंच वाटायचं की आईला भूक लागत न्हाई. लगीन झालं, मला पोरं झाली, मग मीबी म्हणाया लागले, मला न्हाई भूक. म्हणता म्हणता खरंच लागंना. सून आली. ती कमी खायाची. मी शेजारणीला कौतुकानं सांगायची, आमच्या सुनंला खायाला लागतंय तरी किती! मला वाटायचं, चांगल्या घरची हाय."

बैठकीत कुणी बोललं नाही बराच वेळ.

आम्ही त्यानंतर यावर खूप विचार केला. बहात्तर साली त्यांची आई कमी खात होती ते बरोबरच होतं. दुसरं काय करणार होती? सहा पोरं जगवायची होती. पोटाला चिमटा काढला म्हणून ती जगली. पण दुष्काळ गेला, रोजगार आला, विहिरी झाल्या, पोतं भरलं, आणि चिमटा तसाच राहिला. तो एकीनं दुसरीला दिला, आणि देताना त्याला गुण म्हणून दिला. कमी खाणारी सून गुणाची. वाढून घेणारी सून हावरट. आम्ही सगळ्यांनी हे म्हटलंय. लग्नात पंगतीला दोनदा जिलेबी घेणाऱ्या नव्या नवरीकडं बघून आम्ही एकमेकींना कोपर मारलंय.

याच मनाचं आणखी एक पिल्लू आहे. आमच्याकडं पूर्वी गहू सणाला. पोळी म्हणजे पाहुणचार, भाकरी म्हणजे रोजचं. त्यामुळं हातात चार पैसे आले तशी घराघरात चपाती आली. आता पाहुण्यापुढं भाकरी ठेवायला लाज वाटते, आणि हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी तर कुणी विचारलं तर "केलं होतं म्हाताऱ्यांसाठी" असं सांगतो. पोरं डब्यात भाकरी नेत नाहीत, शाळेत हसतात म्हणे. आणि आहारात काय आहे बघा. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं. गव्हाच्या पिठात आणि ज्वारीत ४ च्या आसपास. पांढऱ्या पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. नाचणी आमच्याकडं पिकत नाही, पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आपल्या सरकारनं त्यांना श्री अन्न असं नाव दिलं. पुण्यात आमच्यातल्या एकीची मुलगी असते, ती सांगते की तिथं दुकानात बाजरीचं पीठ पाकिटात मिळतं आणि लोक हौसेनं घेतात. आम्ही ते पोत्यात ठेवून त्याची लाज धरतो, आणि पोतं विकून पोरांना पाच-पाच रुपयांचे पुडे आणतो. पुडा आणला की पोरगं खूश, आणि आपल्यालाही वाटतं लाड केले. शेंगदाणा-गुळाचा लाडू हातावर ठेवला तर त्याला लाड म्हणत नाहीत, कारण तो घरचा. विकत आणलेलं ते प्रेम, हे कुठून डोक्यात बसलं कोण जाणे.

दुधाचंही तेच. गाया आपल्या, पण दूध डेअरीच्या कॅनमध्ये. घरात उरतं ते चहापुरतं. अंडी विकायची, नाहीतर थोरल्याला द्यायची, तो तालमीत जातो. विकू नका असं आम्ही म्हणत नाही. पैसा लागतो. पण सहा अंड्यांतलं एक आपलं, हा विचारच आमच्या मनात कधी आला नव्हता.

आणि आता एक छोटी गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या बैठकीनंतर आठवड्याभरानं आमच्यातल्या एकीच्या अंगणात तिची नात भातुकली खेळत होती. सात वर्षांची. पानांची ताटं मांडली होती. हे बाबांचं, हे दादाचं, हे आजोबांचं, हे बाळाचं. स्वतः आई झाली होती आणि सगळ्यांना वाढत होती. आजीनं सहज विचारलं, "आणि आईचं ताट कुठंय गं?" ती म्हणाली, "आईला ताट नसतं. आई शेवटी कढईत खाते." आणि पुढं खेळायला लागली. आजी ते सांगायला रात्री नऊ वाजता आमच्याकडं चालत आली.

मग आम्ही काय केलं? पहिल्यांदा मूर्खपणा केला. बैठकीत हळदी-कुंकवावर हात ठेवून शपथ घेतली की उद्यापासून बारा जणी घरच्या माणसांबरोबर, त्याच वेळी जेवायला बसायचं. चार दिवसांत शपथेचा धुरळा झाला. एक तर गरम भाकरी कोण करणार? आपण बसलो की भाकरी थांबते, म्हणजे उठायचंच. दोघींच्या घरी वाद झाले, "गटानं डोकं फिरवलंय तुझं." एकीला सासऱ्यांसमोर बसून घासच गिळेना, तिला लहानपणापासून ती सवयच नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाच कसंतरी वाटत होतं. कुणी काही म्हणत नसलं तरी पहिला घास घेताना अंगावर काटा यायचा, चोरी केल्यासारखा. मन एका शपथेनं हलत नाही, हे आम्हाला त्या चार दिवसांत कळलं.

त्यावर मार्ग काढला तो सासूबाईंनीच, बहात्तरच्या दुष्काळाच्या. त्या म्हणाल्या, कधीबी बसा, पण वाढायच्या आधी काढून ठेवा. देवाला निवद काढतो का न्हाई? तसं. भाजी झाली, पातेलं उतरलं की पळी खालपर्यंत घालून एक वाटी भरायची, ताट झाकायचं आणि फळीवर ठेवायची. मग बाकीच्यांना वाढायचं. जेवायला शेवटी बसलात तरी चालेल, वाटी आपली आहे. आम्ही तिला "फळीवरची वाटी" म्हणतो. पाहुणा आला तरी ती वाटी मोडायची नाही, एवढा एकच नियम.

ऐकायला हे काहीच नाही. पण करून बघा. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या निम्म्या जणींनी ती वाटी पोरांना देऊन टाकली. पोरगं म्हणालं आणखी पाहिजे, की हात फळीकडं. मग बैठकीत हप्त्याची वही काढतो तशी एक वही काढली. आठवड्यात किती दिवस वाटी स्वतः खाल्ली ते सांगायचं. खोटं बोलायचं नाही. सुरुवातीला दोन, तीन. आता बहुतेक जणींचे पाच-सहा होतात. एकीच्या घरी तिचा दहावीतला मुलगा आता स्वतः विचारतो, "आई, वाटी काढली का?" तिला ते इतकं नवीन होतं की ती पहिल्या दिवशी चुलीच्या धुरानं डोळ्यात पाणी आलंय म्हणाली. तिच्याकडं गॅस आहे.

वाटीबरोबर दोन-चार गोष्टी आशाताईंनी आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितल्या, त्या आम्हाला उपयोगी पडल्या. सगळ्यात मोठी म्हणजे चहा. जेवताना किंवा जेवणाला लागून चहा प्यायला की अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, चहा ते धरून ठेवतो. जेवण आणि चहा यांच्यात तासभर तरी जाऊ द्यायचा. त्याउलट जेवणात लिंबू पिळलं, आवळा, पेरू असं काही घेतलं की लोह जास्त शोषलं जातं. मटकी, हुलगा मोड आणून खाल्ला तर तो अंगी लागतो. लोखंडी कढई आणि तवा माळ्यावरून खाली काढा, त्यातूनही थोडं लोह उतरतं. शेवग्याचा पाला बांधावर फुकट आहे. आम्ही तो शेळ्यांना घालत होतो. शेळ्या धडधाकट होत्या.

बाजरीच्या पिठाचं एक लक्षात ठेवा, ते आठवड्यात कडवट होतं. म्हणून थोडं थोडं दळा. पोरं "कडू लागते" म्हणून भाकरी टाकतात ती बहुतेक वेळा जुन्या पिठाची असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं मिळून बाजरीचं धनशक्ती नावाचं वाण काढलंय, त्यात लोह नेहमीच्या बाजरीपेक्षा जास्त असतं. यंदा बियाणं घेताना विचारून बघा.

मग गोळ्या. लोहाच्या लाल गोळ्या आमच्या बारा घरांपैकी नऊ घरांत सापडल्या. डब्यात, फळीवर, देव्हाऱ्यामागं, पाकीट न फोडलेल्या. का घेत नाही? शी काळी होते, मळमळतं, गरोदरपणात घेतल्या तर बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन सिझर करावं लागतं. शी काळी होते ते खरं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून मग घ्या आणि झोपा. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. पण आमच्या एका मैत्रिणीनं यातलं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "गोळी घेतली म्हणजे आपण आजारी. आणि घरात बाई आजारी असून चालत नाही."

उपासाबद्दल बोलू नका असं आमच्यातल्या दोघींनी बजावलं होतं. तरी थोडं बोलतो. आम्ही सगळ्या उपास करतो आणि करणार. पण चहावर काढलेला दिवस हा कुठल्या देवानं सांगितलाय? साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फार काही नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, भगर आणि दाण्याची आमटी, ताक, दूध, केळं. आणि ज्यांचं रक्त आठ-नऊ आहे त्यांनी काही महिने उपास थांबवावेत. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू, ज्यांचे वारीचे वीस उपास कधी चुकले नाहीत, त्यांनी त्या पडलेल्या बाईला सांगितलं, "तुझे श्रावणाचे उरलेले सोमवार मी धरीन. तू खा." त्यांचं रक्त ११.५ आहे, आम्ही आधी तपासून घेतलं.

जी पडली होती तिला दवाखान्यात सलाईनमधून लोहाचं औषध दिलं, मग गोळ्या, जंताचं औषध, आणि फळीवरची वाटी. तीन महिन्यांनी रक्त १०.१ झालं. बारा नाही झालं अजून. पण परवा ज्वारी काढताना तिची पात आमच्या पुढं होती. आणि सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आता जेवती बया चांगली," त्याच कौतुकाच्या आवाजात, ज्या आवाजात त्या पूर्वी उलटं सांगायच्या.

हे सगळं चांगलं झालं असं वाटेल तुम्हाला. एक राहिलंय.

आमच्यातल्या एकीच्या घरी फळीवरची वाटी सापडली तेव्हा तिच्या मालकांनी ती अंगणात फेकली. म्हणाले, माझ्या घरात चोरून ठेवायची गरज पडली का? त्यांना तो अपमान वाटला. आम्ही दोनदा घरी गेलो, एकदा सासूबाईंना घेऊन गेलो, उपयोग झाला नाही. उलट तिला गटात यायची बंदी झाली. तीन बैठका ती आली नाही. आम्ही बारा जणी म्हणतोय, पण आता अकराच बसतो. आम्ही घाई केली का, आधी तिच्या मालकांशी बोलायला पाहिजे होतं का, वाटी झाकून ठेवायला सांगितली तिथंच चुकलं का, यावर आमचं अजून एकमत नाही. उघड्यावर ठेवा, सगळ्यांना सांगून ठेवा, असं आता आम्ही नव्या गटांना सांगतो. तिला मात्र ते उशिरा सुचलं.

तिच्या घरी रेडिओ आहे. दुपारी मालक रानात असतात तेव्हा ती लावते, आम्हाला माहीत आहे.

तर बाई, ऐकत असशील तर, मंगळवारी दुपारी तीनला बैठक आहे, शाळेच्या व्हरांड्यात. हप्ते राहिलेत त्याचा विचार करू नकोस, ते आम्ही बघतो. नर्सबाई रक्त तपासायला येणार आहेत. यायला जमलं नाही तर मुलीबरोबर निरोप दे, आम्ही विहिरीवर येऊ. डबा आणू.

नमस्कार.